बाळाच्या गुळण्या आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मंडळी, अंगावर पिणारे मूल पाजल्यावर थोडे दूध बाहेर टाकते, हे मुळशीतल्या भरे गावच्या कुठल्याही आजीबाईंना सांगायला नको. त्या बाळाचे तोंड पुसतात आणि आपल्या कामाला लागतात. बहुतेक वेळा आजीबाईंचेच बरोबर असते. पण नेहमी नव्हे. आणि तो फरक कसा ओळखायचा, तेच आज पाहू.

आपली अन्ननलिका छातीतून खाली येते, श्वासपटलाच्या भोकातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. तिथे स्नायूंचे एक वळे असते. बटव्याच्या नाडीसारखे ते आवळलेले राहते आणि घास आला की सैल होते. तान्ह्या मुलात ही नाडी वेळी-अवेळी ढिली पडते. मूल बसू लागले, घट्ट खाऊ लागले, की गुळण्या कमी होतात. वर्ष-दीड वर्षात बहुतेकांच्या थांबतातच. काही थोड्या मुलांत मात्र पडद्याचे भोकच मोठे असते आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. याला हायटस हर्निया म्हणतात.

मग काळजी करायची कधी? वजन वाढत नसेल, उलटी जोराने फेकली जात असेल, तीत रक्त असेल, मूल पिताना रडून तोंड फिरवत असेल, वारंवार छाती भरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. उलटी हिरवी असेल किंवा मूल निळे पडत असेल, तर उद्यावर टाकू नका.

उपाय साधे आहेत, ते आधी. थोडे थोडे पाजावे, ढेकर काढावी, काही वेळ उभे धरावे. झोपवताना मात्र बाळाला पाठीवरच झोपवावे. आम्ल कमी करणारी औषधे डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावीत. एवढ्याने भागले नाही आणि त्रास गंभीर असला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. अशा मुलांत मेंदूच्या आजाराने हातपाय ताठरलेली मुले पुष्कळ असतात. जन्मतः अन्ननलिका तुटलेली व नंतर जोडलेली मुलेही असतात.

‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे खेड्यापाड्यांत पोचलेलाच आहे. आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहम्तन उडवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. मुलाच्या पोटावर तीन ते पाच बारीक छिद्रे पाडतात, वायू भरून पोट फुगवतात आणि पडद्यावर पाहत काम करतात. सरकलेले जठर खाली ओढतात, मोठे भोक टाके घालून आवळतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरासारखा गुंडाळतात.

ही गुंडाळी किती घ्यायची, यावरूनच प्रकार पडतात. रुडॉल्फ निसेन यांनी 1955 साली पूर्ण वेढ्याची पद्धत सुरू केली. थाल यांच्या पद्धतीत गुंडाळी पुढून अर्धवट असते, तूपे यांच्या पद्धतीत मागून अर्धवट. पूर्ण वेढा घट्ट बसतो. विशेषतः मेंदूचा आजार असलेल्या मुलांत तो अधिक टिकतो. पण घास अडकणे, ढेकर न येणे, पोट फुगणे हा त्रास त्यात होऊ शकतो. अर्धवट वेढ्यात गिळण्याचा त्रास कमी, पण आम्ल पुन्हा वर येण्याचा संभव अधिक. म्हणजे सगळ्यांना एकच अंगरखा बसत नाही.

छिद्र लहान म्हणजे काम पक्के, असेही समजू नका. दुर्बिणीने दुखणे कमी होते, व्रण लहान राहतो. परंतु नॉर्वेत मुलांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीनंतर त्रास उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: शस्त्रक्रिया आत्ताच का? वेढा पूर्ण की अर्धवट, आणि का? अशी मुले आपण किती हाताळली आहेत? पुन्हा त्रास झाला तर पुढे काय? असे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

घरी आल्यावर काही आठवडे मऊ, पातळ अन्न लहान घासांनी द्यावे. पूर्ण वेढा असलेल्या मुलाचे पोट टम्म फुगले आणि ओकाऱ्या येऊनही उलटी बाहेर पडेना, तर तडक रुग्णालय गाठावे.

गुरुजी आणि बाई, तुमचेही इथे काम आहे. एखादा विद्यार्थी छातीत जळजळते म्हणतो, रात्री खोकतो, डबा तसाच परत नेतो. त्याला नाटकी म्हणू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले, की त्याला पुढे करा. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पोषण आहाराच्या पंगतीत सावकाश जेवू द्या.

मुळशीकरांना पौडचे ग्रामीण रुग्णालय जवळ. पुढे पुण्याचे ससून आहे, मुंबईत मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि मुलाच्या वजनाची नोंद बरोबर न्या. वजनाच्या त्या ओळीवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.