दुकानाची दुसरी पाटी

सीमाभागात दुकानाच्या पाटीवर आजवर जितके बोलले गेले, तितके दुकानातील मालावरही बोलले गेले नसेल. २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या पाटीविषयी. ही पाटी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर दिसते. तिच्यावर मराठी किती असावे, हे दुकानदाराच्याच हाती आहे आणि नेमकी तीच पाटी आमच्याकडील अनेकांनी कोरी ठेवली आहे.

चंदगड-गडहिंग्लजकडचा माणूस लग्नाच्या बस्त्यासाठी बेळगावला येतो, तो आता निघण्यापूर्वीच मोबाईलवर दुकान पाहतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असले, तरी तो शोधतो ‘बेळगाव’ म्हणूनच. समोर मराठीत दोन वाक्ये दिसली, की त्याला दुकान आपले वाटते.

काय करावे?

गुगलवर दुकानाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. नाव दारावरच्या पाटीप्रमाणेच द्यावे. ‘स्वस्त’, ‘उत्तम’ अशी शेपटे जोडणे नियमात बसत नाही. नकाशावरील खूण नेमकी आपल्या दारावर आहे ना, हे पाहावे, नाहीतर गिऱ्हाईक मागच्या बोळात फिरत राहते. वेळ, सुटीचा वार आणि सणाचे बंद दिवस लिहावेत. वर्णनासाठी ७५० अक्षरांची जागा मिळते. तीत आधी मराठी, मग कन्नड लिहावे. बैलहोंगल-गोकाकचे गिऱ्हाईकही आपलेच आहे. मराठीचा अभिमान बाळगण्यासाठी त्याला परत पाठविण्याची गरज नाही.

मजकूर मोबाईलच्या मराठी कळफलकावर टंकावा. छापखान्यातून करून आणलेली जाहिरात नुसती चित्र म्हणून टाकली, तर तीतील अक्षरे शोधात सापडतीलच असे नाही. मालाचे फोटो, माप आणि किंमत यांसाठी व्हॉट्सअॅपचे व्यापाऱ्यांसाठी असलेले मोफत अॅप पुरेसे आहे. त्यात मालाची यादी लावता येते. तक्रार आली तर तिला सभ्य शब्दांत उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा इतरच अधिक वाचतात.

आपण सांगितले नाही तर?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. कर्नाटकातील चारांत बेळगावही आहे. निपाणी-अथणीकडचा कारागीर त्या परंपरेचा कायदेशीर वारसदार आहे, हे बाहेर किती जणांना ठाऊक आहे? जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या बड्या कंपनीने तशाच चपला मिरविल्या आणि कोल्हापुरीचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा कंपनीने मान्य केली. आपल्या मालाचे नाव, गाव आणि घडण आपणच लिहून ठेवली नाही, तर दुसरा ती आपल्या नावे खपवितो, हा यातील धडा आहे. चामडे कोणते, कमावले कसे, एका जोडाला किती दिवस लागतात, हे कारागिराने साध्या मराठीत लिहावे. तशी माहिती दुसरा कोणी देऊ शकणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘गुगलमधून बोलतोय, पैसे भरा, नाहीतर नोंद जाईल’ असा फोन आला तर तो लबाडाचा समजावा. ओटीपी कोणालाही सांगू नये.

दारावरची पाटी रंगवायला रंगारी लागतो. या पाटीला घरातील शाळकरी मुलगीही पुरेशी आहे. तिला शेजारी बसवून घ्यावे आणि मजकूर मात्र आपण सांगावा. येत्या दिवाळीत वहीपूजन करण्याआधी आमच्या व्यापारी बंधू-भगिनींनी एवढे जरूर करावे.