लिव रे झिला

१९८२ साली मी कोकणातल्या बांद्याच्या शाळेत पाचवीत होतो आणि आमच्या वाडीचा बिनपगारी पत्रलेखक होतो. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. शेजारची काकी निळं आंतरदेशीय पत्र पदराखाली धरून आमच्या पडवीत येऊन बसायची. तिचा घोव, म्हणजे नवरा, मुंबईच्या गिरणगावात. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि कोकणातल्या कितीतरी घरांत येणारी मनिऑर्डर थांबली. काकी सांगायची, "लिव रे झिला. गाय आटली. पावस तोंडार इलो, घर शाकारूक पैसे नाय. माका रातची झोप लागणा नाय."

आणि मी लिहायचो : साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे.

गाय पत्रात जायची, तीही 'गायीचे दूध कमी झाले आहे' अशी पुस्तकी होऊन. घराच्या शाकारणीलाही एक ओळ मिळायची. झोपेला मात्र जागा नसे. बायकोला झोप लागत नाही हे पत्रात लिहायचं असतं का? शाळेत पत्रलेखनाचा जो नमुना घोटून घेतला होता, त्यात तसं काही नव्हतं.

काकीच्या तोंडची ती गाळलेली ओळ आठवायचं कारण मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग. काकीच्या पत्रांनंतर थोड्याच काळात, अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, म्हणजे आपली खोली, आपले बूट वगैरे. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगावर लिहायचं होतं. एक सूचना महत्त्वाची होती : शुद्धलेखन, व्याकरण, वाक्यरचना यांची पर्वा करू नका, हात थांबवू नका. १९८६ साली निष्कर्ष छापून आले. दुःखावर लिहिणारी मुलं त्या चार दिवसांत हलकी वगैरे झाली नव्हती. उलट लिहून झाल्यावर त्यांचा रक्तदाब चढलेला, मन खिन्न. पण त्यांच्यातल्या एका गटाच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या.

'एका गटाच्या' हे शब्द सहसा गाळले जातात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. दुःखावर लिहिणाऱ्यांचे तीन गट होते. एकाने फक्त काय घडलं ते लिहायचं. दुसऱ्याने फक्त काय वाटलं ते. तिसऱ्याने दोन्ही. फरक ठळक दिसला तो या तिसऱ्या गटात.

बांदेकरांना हे तीन गट समजावून सांगायला डॅलसला जावं लागत नाही. सह्याद्रीतून येणाऱ्या आमच्या नदीला वरच्या अंगाला बांद्याची नदी म्हणतात, पुढे गोव्याच्या हद्दीवरून समुद्राकडे जाताना ती तेरेखोल होते. पावसात ती बाजारपेठेत शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरली, २०२१ च्या जुलैमध्येही शिरली. पूर ओसरला की चिखलातून वाट काढत तलाठी येतो आणि पंचनामा होतो. फ्रिज एक, तांदळाची पोती इतकी, भिंत पडलेली. घडलं ते सगळं, वाटलं ते काहीच नाही. तो कागद सरकारला लागतो, तो तसाच असायला हवा. पण रात्रभर माळ्यावर बसून खाली पाणी चढताना बघणाऱ्या माणसाचं त्यात काय असतं?

दुसरी तऱ्हाही आमच्याकडे आहे : गाऱ्हाणं. बांदेश्वराच्या देवळात असो की कुठल्या वाडीतल्या राखणदारापुढे, एकजण पुढे होऊन देवाला सांगतो आणि मागची माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. व्याकरण नाही, खाडाखोड नाही, एकदा तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही. आणि नीट ऐकलंत तर गाऱ्हाणं नुसतं रडगाणं नसतं. कुणाचं, काय अडलं, कशामुळे अडलं असावं, काय चूक झाली असेल, हे सगळं नाव घेऊन सांगितलं जातं. पंचनामा आणि हुंदका एकाच वाक्यात. पेनेबेकरांचा तिसरा गट, असं मी गमतीने म्हणतो. गाऱ्हाण्यावर कुणी दवाखान्यातल्या फेऱ्या मोजलेल्या नाहीत, तेव्हा ही तुलना तेवढ्याच वजनाची समजावी.

नाव घेण्याने मेंदूत काय होतं, याचा मात्र थोडा माग लागला आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या लॉस एंजेलिसमधल्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव द्यायला सांगितलं की भीतीच्या वेळी पेटून उठणारा अमिग्डाला हा बदामाएवढा भाग शांत होत होता, आणि कपाळामागचा, विचारांना लगाम घालणारा भाग कामाला लागत होता. त्याच चेहऱ्याला 'राग' ऐवजी एखादं माणसाचं नाव जोडायला सांगितलं, तर तसं होत नव्हतं. म्हणजे काम भावनेच्या नावाचं होतं.

याहून नवल वाटावं असा प्रयोग न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. तिथे ६४ ते ९७ वयाच्या ४९ धडधाकट म्हाताऱ्या माणसांना तीन दिवस रोज वीस मिनिटं लिहायला लावलं. अर्ध्यांना मनातलं, अर्ध्यांना रोजच्या कामांबद्दल. दोन आठवड्यांनी प्रत्येकाच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार मिलिमीटरची छोटी जखम मुद्दाम केली आणि ती भरताना फोटो काढत राहिले. अकराव्या दिवशी मनातलं लिहिणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांची जखम पूर्ण भरली होती, दुसऱ्या गटात ४२ टक्क्यांची. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. ४९ माणसं म्हणजे फार नव्हेत. एवढ्या लहान प्रयोगावर मी घर बांधणार नाही, पण त्यावरून जाताना वळून मात्र बघेन.

घर बांधणार नाही, कारण सगळे प्रयोग एकत्र मांडले की उत्साहाला आवर घालावा लागतो. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी असे १४६ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम निघाला, खरा निघाला, पण लहान. 'तीन पानं लिहा, आयुष्य बदला' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहिलेला नसावा. काहींना तर लिहिणं बाधतंही. नुकत्याच विभक्त झालेल्या जोडीदारांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात, तेच तेच मनात घोळवणाऱ्यांना भावना लिहायला लावणं महागात पडलं; आज काय काय कामं केली, एवढंच कोरडं लिहिणारे त्यांच्यापेक्षा सावरले. गुरं बसल्याजागी रवंथ करतात ती पचायला. माणसाचा रवंथ कधी कधी नुसताच चालू राहतो, पोटात काही उतरत नाही. पेनेबेकरही सांगतात की लिहिताना तोल जातोय असं वाटलं तर वही मिटा. दुःख ताजं असेल, जीव नकोसा होत असेल, तर वहीशी नव्हे, माणसाशी बोलायचं. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे.

मग कुणाला लाभतं? पेनेबेकरांनी लिहिलेल्या पानांतले शब्दच मोजायला घेतले. ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या पानांत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एका जातीचे शब्द वाढत गेलेले दिसले : कारण, म्हणून, कळलं, लक्षात आलं. सुरुवातीला तुकडे तुकडे, शेवटी गोष्ट. पहिल्याच दिवशी बांधेसूद गोष्ट लिहून मोकळे होणाऱ्यांना तेवढा गुण येत नव्हता. म्हणजे न तपासता लिहिणं ही सुरुवात झाली. औषध असलं तर ते पुढे, कागदावर पडलेल्या ढिगातून आपणच 'म्हणून' शोधण्यात आहे.

हात न थांबवता लिहायची युक्ती तशी जुनी. लुडविग ब्योर्न या जर्मन लेखकाने १८२३ मध्येच एका निबंधात सुचवलं होतं की तीन दिवस मनात येईल ते सगळं, काही न लपवता लिहून काढा. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडला चौदाव्या वर्षी ब्योर्नची पुस्तकं भेट मिळाली होती, आणि हा निबंध आपल्या नकळत मनात राहिला असावा, हे त्याने म्हातारपणी कबूल केलं. लेखन शिकवणाऱ्या पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये आणि ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२ मध्ये तीच युक्ती नव्या वेष्टनात आणली. आमच्या बायकांना ती जात्यावर ठाऊक होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे, पुरुषमाणसं झोपलेली असताना, हात फिरता ठेवून सासर, माहेर, भाऊ, मेलेलं मूल असं सगळं त्यात येतं. ओवीला छंद आहे, तेव्हा ती अगदी मोकाट नव्हे. पण ती तपासायला कुणी बसलेलं नसे.

तपासणारा नसणं ही साधी गोष्ट नाही. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळत 'जिणं आमुचं' लिहिलं ते नवऱ्यापासून वह्या लपवून. कित्येक वर्षं त्या वह्या तशाच होत्या, पुस्तक १९८६ मध्ये आलं. लक्ष्मीबाई टिळकांना जोडाक्षरं धड लिहिता येत नसत, आणि मराठी गद्यातला एक ठेवा त्यांच्या नावावर आहे. शुद्धलेखनाच्या वहीत त्यांना किती गुण मिळाले असते, याचा विचार करून मला अधूनमधून फार बरं वाटतं.

आमच्या सीमेवरच्या गावात आणखी एक तपासणारा असतो : भाषा. घरात मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी, पत्रादेवीच्या पलीकडे, गोव्यात, कोकणी. कुठल्या भाषेत लिहायचं? तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांवर बॉस्टनमध्ये २००३ साली प्रयोग झाला. लहानपणी मुलांना दटावतात तसली वाक्यं दोन्ही भाषांत ऐकवली आणि बोटांवरचा घाम यंत्राने मोजला. तुर्कीतल्या दटावणीने बोटं जास्त ओली झाली. नंतर शिकलेली भाषा अंगाला तेवढी लागत नाही. कधी हे सोयीचंच असतं; जे जवळून बघवत नाही ते परक्या भाषेत लांबून बघता येतं. पण काकीची झोप 'निद्रानाश' झाली की ती काकीची उरत नाही.

गेल्या श्रावणात मी स्वतः चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, असा बसलो. पहिल्या दिवशी निबंध झाला, अलंकारांसकट. दुसऱ्या दिवशी पावसाबद्दल तक्रार. तिसऱ्या दिवशी, दहाव्या मिनिटाच्या सुमाराला, हात मालवणीत घसरला आणि पत्रांचा विषय निघाला. मी काकीची ओळ का गाळत होतो? शाळेचा नमुना वगैरे मी आयुष्यभर सांगत आलो होतो. कागदावर उतरलं ते निराळंच. पत्र पोस्टात टाकण्याआधी मी ते आमच्या गुरुजींना दाखवायचो, चांगलं अक्षर म्हणून शाबासकी मिळायची. झोपेचं लिहिलं असतं तर "गुरुजी हसतीत म्हणान."

'म्हणान', म्हणजे 'म्हणून'. पेनेबेकरांच्या यादीतला शब्द.

चौथ्या दिवशी मी काकीचं पत्र लिहिलं. ती जाऊन वीस वर्षं झाली, तिचा घोव त्याच्याही आधी. तरी पत्ता घातला, लालबागच्या चाळीचा. गाय आटली. पावस तोंडार इलो, घर शाकारूक पैसे नाय. माका रातची झोप लागणा नाय.