चोरवाटेची हवा

जुनी मोटारसायकल सिग्नलपाशी थांबली की तिचा आवाज जरा कान देऊन ऐका. काही गाड्या एका लयीत धडधडत राहतात. काहींचे मात्र चित्त थाऱ्यावर नसते. मध्येच आवाज चढतो, मध्येच बसतो, सायलेन्सरमधून एखादा फटाका फुटतो आणि इंजिन बंद पडते. गंमत अशी, की हीच गाडी किक मारून रस्त्याला लागली की बऱ्यापैकी पळते! मेकॅनिक म्हणतो, ‘‘गाडी एअर घेतेय.’’ आता इंजिनाला हवा तर लागतेच. मग ती घेतली तर बिघडले कुठे? आणि बिघडलेच, तर ते थांबल्यावरच का जाणवावे?

२०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. त्याआधीच्या बुलेट, येझ्दी, राजदूत अशा गाड्यांत हे काम कार्बुरेटर करतो. दट्ट्या खाली गेला की सिलिंडरमधला दाब कमी होतो. इंजिन हवा ओढते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे बाहेरचे वातावरण ती आत ढकलते. वाटेत कार्बुरेटरचा चिंचोळा गळा लागतो. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर येऊन हवेत मिसळते. १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जेटची भोके या हिशेबाने ठरवलेली असतात.

कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक जोड असतो आणि त्यात कागदाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. ते चिरले की फट पडते. फटीतून शिरणारी हवा जेटवरून जातच नाही, म्हणून ती पेट्रोलही आणत नाही. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण सावकाश जळते, कधी ठिणगी पडूनही पेटत नाही. न जळलेला वायू तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतो. तोच तो फटाका.

आता दुसरा प्रश्न. समजा, फट १ चौरस मिलिमीटरची आहे आणि गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप १० चौरस मिलिमीटर उघडी आहे. म्हणजे मुख्य वाटेच्या दहाव्या हिश्शाइतकी चोरवाट झाली. थ्रॉटल पूर्ण पिळला तर २४ मिलिमीटर व्यासाच्या गळ्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ४५२ चौरस मिलिमीटर. त्यापुढे १ म्हणजे पाव टक्काही नाही. शिवाय झडप मिटलेली असताना तिच्यामागचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे फटीतून हवा जोराने घुसते. झडप उघडली की हा फरक घटतो.

घरी करून पाहा. सरबत प्यायच्या नळीला वरच्या बाजूस सुईने भोक पाडा आणि सरबत ओढा. थोडे बुडबुडे येतील, पण सरबत येईल. आता नळीचे खालचे टोक चिमटीत दाबून ओढा. तोंडात बहुतेक हवाच येईल.

यावरून एक लबाडीही उघडी पडते. स्लोचा स्क्रू आवळून झडप थोडी जास्त उघडी ठेवली, की गाडी बंद पडायची थांबते. दुरुस्ती झाली असे वाटते. प्रत्यक्षात फट तशीच राहते, पेट्रोल जास्त जळते आणि इंजिन अधिक तापते. येझ्दी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर हे फारच वाईट, कारण तिचे वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग दट्ट्या जाम.

फट शोधायची कशी? चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर मिश्रण पातळ आहे एवढे कळते. पण स्लोच्या जेटमध्ये कचरा अडकला तरी हेच घडते. म्हणून इंजिन चालू ठेवून दाट साबणाचे पाणी ब्रशने जोडावर लावावे. सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे येतील अशी वाट पाहू नका. तेथे हवा बाहेर पडते, येथे आत जाते. फेस फटीत ओढला जाईल आणि क्षणभर इंजिनाचा आवाज बदलेल. आवाज बदलला की जागा सापडली. काही जण यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडतात. तापलेल्या इंजिनाशेजारी हा जीवघेणा खेळ आहे, तो कोणीही करू नये.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक चोरवाट असते. क्रँकच्या पेटीतही हवा ओढली जाते. तिच्या मॅग्नेटोकडच्या बाजूचे ऑइल सील झिजले, तर जोड कितीही घट्ट असो, हवा तेथून घुसते.

पॅकिंग नवे घालूनही फट राहिली, तर कार्बुरेटरची पट्टी काचेवर ठेवून पाहा. दोन्ही बाजूंचे नट बेताल आवळले की मऊ धातूची ही पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि काचेवर डुगडुगते. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ती हळूहळू घासली की सपाट होते. नंतर नट दोन्हीकडून थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत.

साबणाला इंजिनाने दादच दिली नाही, तर पेट्रोलचाही विचार करावा. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वदूर पोचले. १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. त्यामुळे जुन्या जेटमधून आलेले तेच मिश्रण आता किंचित पातळ ठरते. तेथे पॅकिंग बदलून उपयोग नाही. स्लोचे मिश्रण थोडे दाट करावे लागते, किंवा जेट एक नंबर मोठा घालावा लागतो.