अंगावरचं दूध आटलं असं वाटतं तेव्हा

वर्षावासात विहारात महिलांच्या बैठका होतात. ग्रंथवाचन आटोपलं की बोलणं हळूहळू घरच्या दुखण्यांकडे वळतं. नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांत अशा वेळी आम्हांला एक तक्रार हमखास ऐकू येते: "बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालं आणि माझं दूधच आटलं." घरचं निदान तयार असतं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, काळा दोरा बांधला जातो आणि दुसऱ्या दिवशी वरच्या दुधाची बाटली येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालतं. बाळाचं खरं नुकसान करते ती ही बाटली.

याचं कारण साधं आहे. आईचं दूध म्हणजे रांजणात भरून ठेवलेलं पाणी नव्हे. ते आडाच्या झऱ्यासारखं आहे. जेवढा उपसा, तेवढी आवक. बाळ चोखतं तेव्हा मेंदूकडून दूध तयार करण्याचा संदेश येतो. स्तन भरलेलेच राहिले तर शरीर समजतं की गरज कमी झाली. दोन बाटल्या दिल्या की बाळ दोनदा कमी चोखतं, म्हणून दूध आणखी कमी होतं, म्हणून तिसरी बाटली येते. महिनाभरात दूध खरोखरच आटतं आणि नजरेचं निदान बरोबर ठरल्यासारखं वाटतं.

तेव्हा दूध खरंच कमी झालं आहे का, हे आधी पाहावं. साधारण सहा आठवड्यांनंतर स्तन पूर्वीसारखे ताठ भरत नाहीत, मऊ राहतात. हे नेहमीचं आहे. संध्याकाळी बाळ सारखं अंगावर मागतं, मधूनच दोन-तीन दिवस भूक वाढल्यासारखं करतं, हेही नेहमीचंच. खरी खूण लंगोटात आणि वजनकाट्यावर दिसते. बाळ फक्त अंगावर पीत असेल आणि चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरेसं आहे. वजन अंगणवाडीत करता येतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. तेव्हा वजन आवर्जून करून घ्यावं.

शू कमी झाली, बाळ पेंगुळलेलं राहतं, दोन आठवडे होऊनही जन्मवजन भरून आलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर त्यात आईचा काहीही कमीपणा नाही. मात्र डब्यावर लिहिल्याएवढीच पावडर घालावी, पुरवून वापरायला पाणी वाढवू नये, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरावं.

दूध वाढवायचं तर बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घ्यावं. रात्रीचं पाजणं सोडू नये, कारण दूध तयार करणारा संप्रेरक रात्री जास्त असतो. बाळाच्या तोंडात नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भागही यायला हवा. तसं झालं नाही तर आईला दुखतं आणि बाळाला दूध ओढता येत नाही. पाजून झाल्यावर हाताने थोडं दूध पिळून काढावं. फरक दिसायला काही दिवस लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई, आई, नवरा यांनी धीर द्यायला हवा.

अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांबद्दल फार विचारणा होते. बाळंतिणीच्या पोटात चांगलं अन्न जातं, एवढा त्यांचा गुण नक्की. पण बाळ चोखत नसेल तर लाडवांनी दूध येत नाही. महागडी पावडर आणण्यापेक्षा रोज एक भाकरी, वाटीभर वरण आणि पालेभाजी जास्त मिळाली तर बरं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. त्या अनेकींच्या फडताळात तशाच पडून असतात.

आणखी एक कारण कुणी सहसा विचारत नाही: माला-एन. या गोळीतल्या एका संप्रेरकामुळे दूध कमी होऊ शकतं, म्हणून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती टाळतात. छाया गोळी, किंवा सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन, याबद्दल उपकेंद्रात विचारावं. थायरॉईड, रक्तक्षय, नव्याने राहिलेले दिवस याही शक्यता तपासून घ्याव्यात.

आमच्या बायांचं दूध तुटण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र शरीरात नाही, कामात आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, आणि तिच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकानेही तिचा भार उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. 1961 मध्ये देशव्यापी कायदा आला, 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण मुखेड, कंधार, जळकोटकडून दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघणाऱ्या ऊसतोड बाईच्या हाती मुकादमाची उचल असते, रजा नसते. बाळ कोपीवर आणि आई फडात, मध्ये सहा-आठ तास. छाती दाटते, ठणकते आणि आठवड्याभरात पान्हा कमी होतो.

तान्ह्याला कोपीवर न ठेवता टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईकडे फडाच्या कडेला सावलीत ठेवावं, म्हणजे दोन-तीन तासांनी पाजता येतं. ते शक्य नसेल तर पहाटे निघण्यापूर्वी पाजून, वर थोडं दूध उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात पिळून ठेवावं. ते 25 अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. फडात छाती दाटली तर तिथेही पिळून टाकावं. ते दूध वाया गेलं तरी झरा चालू राहतो. टोळीत दोन-तीन तान्ही असतील तर पाजण्याच्या वेळेची बोलणी साऱ्या कोयत्यांनी मिळून उचल घेण्याआधीच करावीत. पैसे हातात पडल्यावर मुकादम ऐकून घेत नाही.