बी वाटून घेणारी माणसं

टोमॅटोच्या पैदाशीत आयुष्य घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: हे पीक आज जिथं आहे, तिथं ते एकमेकांना बी धाडणाऱ्या माणसांमुळं पोचलं.

१९६२ च्या डिसेंबरात ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड उगेंट हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूच्या अँडीज पर्वतात रानबटाटे शोधत हिंडत होते. वाटेत त्यांना एक चिकट पानांचा रानटोमॅटो दिसला. फळं चेरीहून लहान, पिकली तरी हिरवटच. त्यांचा विषय बटाटा. तरी त्यांनी फळं कागदावर चिरडून बी वाळवलं, त्यावर ८३२ हा क्रमांक टाकला आणि कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या टोमॅटो-संशोधक चार्ल्स रिक यांना पाठवलं. रिक यांनी लागवडीच्या टोमॅटोशी त्याचा संकर केला. पुढं पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या फळाकडं वळवत, पण रानातला गुण सुटू न देता, ते निवड करत राहिले. जवळपास दशकभरानं हाती आलेल्या फळांत साखर आणि एकूण घनपदार्थ वाढले होते. केचपच्या कारखान्याला हे फार मोलाचं, कारण रस आटवायला इंधन कमी लागतं.

रिक यांच्याकडंच बी का गेलं? टोमॅटोवर काम करणाऱ्यांचं एक सहकारी मंडळ त्यांनी उभं केलं होतं. त्याचा पहिला अहवाल १९५१ चा. कुणाला कोणतं उत्परिवर्ती झाड सापडलं, कुणाकडं कोणतं बी आहे, हे त्यात थोडक्यात छापलं जाई. डेव्हिसच्या त्यांच्या नावाच्या केंद्रात आज तीन हजारांहून अधिक नमुने आहेत आणि संशोधकांना बी मोफत मिळतं.

नुसतं बी मिळून भागत नाही. रानटोमॅटोचं बी सहजासहजी उगवत नाही. केंद्राची शिफारस अशी: घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात बी अर्धा तास बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. ब्लीचनं वरचं कवच मऊ पडतं. हे कुणी सांगितलं नाही, तर हजारो मैलांवरून आलेलं बी ट्रेमध्येच कुजतं.

आपल्या शेतकऱ्याला टोमॅटोची पानं मुरडणारा बोकड्या रोग माहीत आहे. पांढरी माशी त्याचा विषाणू पसरवते. कल्लू आणि बॅनर्जी या भारतीय पैदासकारांनी एका रानटोमॅटोतून प्रतिकाराचा गुण आणून एच-२४ ही ओळ घडवली. ती तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात गेली आणि तिथल्या पैदाशीत वापरली गेली. त्या गुणाला आज टीवाय-२ म्हणतात. आपणही दिलंय, हे सांगताना मला अभिमान वाटतो. २०१२ साली टोमॅटोचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा बारा गुणसूत्रं देशादेशांनी वाटून घेतली होती. पाचवं भारताकडं होतं.

परदेशातून बी मागवायचं तर ते दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत, विलगीकरणाची तपासणी होऊनच येतं. वेळ लागतो, पण माझी त्याला हरकत नाही; बियाबरोबर रोगही येऊ शकतो. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. बी घ्यायचं, त्यावर वाण काढायचा आणि त्या बियात काय दिसलं ते देणाऱ्याला कळवायचंसुद्धा नाही, हे मला अजिबात पटत नाही. पेरू, इक्वेडोर, चिली या देशांचा तर यात पहिला हक्क आहे. त्यांच्या डोंगरातलं बी जगभर गेलं; त्यातून झालेल्या कमाईचा वाटा त्यांना मिळायलाच हवा.