शिळाछापापासून प्रकल्प अहवालापर्यंत

सिल्व्हासा ज्या दमणगंगेच्या काठी वसले आहे ती नदी नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते, दादरा-नगर हवेलीतून वाहत गुजरातमध्ये उतरते आणि दमणजवळ समुद्राला मिळते. मधुबन धरण आणि त्याचे कालवे यांमुळे या नदीविषयीचे तांत्रिक लेखन विपुल झाले असले, तरी जलविज्ञानाचे तक्ते, धरणाचे आराखडे, पुराची गणिते असे हे सारे साहित्य जवळजवळ पूर्णपणे इंग्रजीत आहे. नदीकाठच्या पाड्यांवर मात्र वारली, कोकणा, मराठी व गुजराती बोलली जाते. बांधकामाचे शास्त्र आणि ज्यांच्या भूमीवर बांधकाम व्हायचे त्यांची भाषा यांतील ही फारकत आरंभापासूनची नाही, किंबहुना आरंभ नेमका उलट होता.

बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी दलातील अधिकारी जॉर्ज रित्सो जर्व्हिस याच्या देखरेखीखाली 1823च्या सुमारास मुंबईत ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ ही शाळा सुरू झाली, आणि मोजणी व बांधकाम खात्यांना लागणारी माणसे मराठी व गुजराती माध्यमातून तयार करण्याचा तिचा उद्देश होता. पुस्तके नव्हती म्हणून जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि क्षेत्रमापन यांवरील ग्रंथ मराठीत सिद्ध केले. त्यांचा मुख्य आधार होता वुलिच येथील लष्करी अकादमीत शिकवणाऱ्या चार्ल्स हटनचा गणितग्रंथ. त्या काळी रुळू लागलेल्या शिळाछापाचा, म्हणजे सपाट दगडावर तेलकट शाईने लिहून त्यावरून कागदावर ठसा घेण्याच्या पद्धतीचा, अशा ग्रंथांना मोठा उपयोग होता, कारण खिळे जुळवून छापताना प्रत्येक आकृतीसाठी वेगळा ठोकळा कोरावा लागे, तर दगडावर मजकूर आणि आकृती एकाच हाताने उतरवता येत. मराठीतील छापील गद्य तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघायलाही 1831 साल उजाडायचे होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या उद्योगाचे धाडस कळते.

हा प्रवाह आटला तो मराठीच्या असमर्थतेमुळे नव्हे, तर धोरणामुळे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात 1847च्या सुमारास मोठा वाद झाला, त्यात अध्यक्ष अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे म्हणत होते, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह मंडळाचे हिंदी सभासद देशी भाषांची बाजू मांडत होते. कागदोपत्री निकाल मोघम राहिला, पण प्रत्यक्षात पारडे इंग्रजीकडे झुकले. पुण्यात 1854मध्ये बांधकाम खात्याच्या कनिष्ठ नोकरवर्गासाठी अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, पुढे तो मुंबई विद्यापीठाशी जोडलेले महाविद्यालय झाला, आणि रुरकीच्या थॉमसन कॉलेजातून निघालेल्या इंग्रजी ग्रंथांसारखे साहित्य हे या विद्येचे अधिकृत वाङ्मय ठरले.

याच पुण्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे (1869–1929) सरकारी नोकरी सांभाळून वेगळ्याच कामाला लागले. संस्कृत शिल्पग्रंथांचा शोध घेऊन त्यांनी ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ हे पुस्तक 1924मध्ये प्रसिद्ध केले. शिल्पाचे धातुखंड, साधनखंड आणि वास्तुखंड असे तीन भाग आणि त्यांखाली कृषी, जल, खनिज, नौका, रथ, विमान, गृह, प्राकार, नगररचना व यंत्र अशी दहा शास्त्रे, ही वर्गवारी त्यांनी मराठी वाचकांसमोर ठेवली. तिच्यातील विमानांविषयीचा भाग आज कोणी प्रमाण मानू नये, परंतु पाणी, दगड, लाकूड आणि चुना यांविषयीच्या जुन्या ज्ञानाकडे एका पदवीधर अभियंत्याने व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, हे त्या पुस्तकाचे खरे मोल आहे.

वझे ग्रंथांत शोध घेत होते, त्याच सुमारास कारखान्याच्या फाटकातून दुसरे वाङ्मय बाहेर पडत होते. किर्लोस्करवाडीहून 1920मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी लोखंडी नांगर आणि इतर यंत्रे घेणाऱ्या ग्राहकांशी संबंध ठेवणारे पत्रक होते. पुढे त्याचेच सर्वसाधारण वाचकांचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि यंत्र मागे पडले. नागपूरच्या ‘उद्यम’ने लघुउद्योगाची माहिती, तर 1928पासून पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ने विज्ञान घरोघर नेले. या मासिकांचा वाचक हातात अवजार घेऊन उभा असल्याने त्यांची भाषा आपोआप मोकळी झाली. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने काढलेले अभियांत्रिकीचे परिभाषा कोश कष्टाचे व उपयुक्त असले, तरी त्यांतील शब्द वापरणारी पुस्तके वर्गात नसल्याने ते बहुधा कपाटातच राहिले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021–22पासून मराठीसह भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास दिलेली परवानगी आणि त्यासाठी तयार करवलेली पाठ्यपुस्तके यांमुळे आता ही उणीव भरू लागली आहे.

सिल्व्हासा या साऱ्या घडामोडींच्या बाहेर राहिले. पेशव्यांनी 1779च्या तहाने दादरा-नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिल्यामुळे तेथील कारभार 1954च्या मुक्तीपर्यंत पोर्तुगीजांच्या हाती होता, आणि 1961मधील विलीनीकरणानंतरच्या दशकांत कारखाने आले ते इंग्रजी माहितीपत्रकांसह. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पाचा राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने 2014मध्ये पूर्ण केलेला सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे भूगर्भ, पर्जन्य, खर्च आणि विस्थापन यांची बेरीज-वजाबाकी मांडणारा दस्तऐवज, याच परंपरेतला आहे. महाराष्ट्रातील भुगड आणि खारगीहिल येथील प्रस्तावित धरणांतून बोगद्यांद्वारे वर्षाला सुमारे 579 दशलक्ष घनमीटर पाणी मुंबईच्या दिशेने वळवण्याची ही योजना दमणगंगेच्या वरच्या खोऱ्याशी निगडित आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या मूल्यांकन-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. मूळ खंड आणि त्यांतील तक्ते यांच्या भाषांतराचे बंधन मात्र नाही, त्यामुळे एखाद्या पाड्याची जमीन कोणत्या पातळीपर्यंत पाण्याखाली जाणार हे गणिताच्या मूळ पानावर तपासून पाहू इच्छिणाऱ्याला दुभाषा शोधावाच लागतो.