थंडीत जुन्या गाडीची बॅटरी सांभाळा

निफाड-नाशिककडे हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे जुनी जीप किंवा व्हॅन नुसती ‘खट्’ करून थांबली, की पहिली फेरी बुडते आणि त्या दिवसाची कमाईही. आपल्यातील अनेकांचे घर गाडीच्या चाकांवर चालते. म्हणून या चार गोष्टी आम्ही सांगत आहोत.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, तिची ताकद घटते. त्याच वेळी इंजिनचे ऑईल घट्ट होऊन सेल्फला जास्त करंट लागतो. उन्हाळ्याच्या उष्णतेने झिजलेली बॅटरी म्हणूनच हिवाळ्यात दगा देते.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावून पाहावे. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली गेल्यास चार्ज करून घ्यावी. झाकणांच्या बॅटरीत खुणेपर्यंतच डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको, ॲसिडही नको. टर्मिनलवरचा पांढरा थर, झाकणे घट्ट लावून, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. कोरडे करून व्हॅसलीन लावावे. वायर काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी. जवळ विडी-काडी पेटवू नये. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

सेल्फ मारताना दिवे व टेप बंद ठेवावेत. १० सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. जवळच्या फेऱ्यांनी बॅटरी पुरती भरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नव्या बॅटरीला काही हजार रुपये मोजावे लागतात. महिन्यातून अर्धा तास दिला, तर तेच पैसे मुलांच्या शाळेसाठी उरतील.